सहायक रोबोटिक्सचे शिक्षण : नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज प्रक्रिया

पक्षाघातानंतर चालण्याचा सराव करून घेणारे यंत्र, स्नायूंतील विद्युत संकेतांवर चालणारा कृत्रिम हात, स्वतःच्या हाताने जेवता न येणाऱ्या व्यक्तीला घास भरवणारा यांत्रिक बाहू, अशा साधनांचा अभ्यास सहायक रोबोटिक्समध्ये होतो. बारावीनंतर नेमकी याच नावाची पदवी शोधण्यापेक्षा या विषयाकडे नेणारे दोन मार्ग, अभियांत्रिकीचा आणि पुनर्वसनाचा, आधी नीट समजून घेणे हिताचे आहे.

राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित असावे लागते, किमान ४५ टक्के गुण (राज्यातील मागास प्रवर्ग, आर्थिक दुर्बल घटक व दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के) लागतात आणि एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन राज्य सीईटी कक्षाच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांतून प्रवेश होतो. नागपूरच्या व्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत मात्र जेईई मेन ही देशपातळीवरील परीक्षा आणि जोसा, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या जागांचे एकत्रित वाटप करणारे समुपदेशन, यांतून जागा मिळते. तेथील निम्म्या जागा गृहराज्यासाठी असून गृहराज्य अधिवासावरून नव्हे, तर बारावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण केली यावरून ठरते. त्यामुळे राजस्थानातील कोटा शहराच्या किंवा मध्य प्रदेशातील छिंदवाड्याच्या शाळेतून बारावी करणाऱ्या नागपूरकर मुलाला हा लाभ मिळत नाही, हे पालकांनी अकरावीचा प्रवेश घेतानाच ध्यानात ठेवावे. शाखा निवडताना यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स, विद्युत किंवा संगणक यांपैकी कोणतीही चालते.

दुसऱ्या मार्गावर कृत्रिम अवयव व आधारसाधनांची, म्हणजे प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्सची पदवी आहे. कटकजवळचे ओलतपूर, कोलकाता आणि चेन्नई येथील केंद्रीय राष्ट्रीय संस्था सामाईक प्रवेश परीक्षेद्वारे या अभ्यासक्रमाला प्रवेश देतात. रुग्णाच्या अंगावर साधन बसवून ते कुठे टोचते, कुठे सैल पडते हे प्रत्यक्ष पाहणारा हा अभ्यास आहे आणि माझ्या मते त्याची विदर्भात फार कमी चर्चा होते.

पदव्युत्तर शिक्षणासाठी गेट ही एम.टेक. प्रवेशाची देशपातळीवरील परीक्षा महत्त्वाची आहे. तिच्यात २०२० पासून बायोमेडिकल अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे आणि तिचे गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात. आयआयटी मद्रास, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था मिळून चालवत असलेला क्लिनिकल इंजिनीअरिंगचा एम.टेक. आवर्जून पाहावा, कारण तो अभियंत्याला रुग्णालयात नेऊन शिकवतो.

ज्यांच्यासाठी ही साधने बनतात त्यांनीच ती घडवायलाही यावे, असे मनापासून वाटते, म्हणून दिव्यांग विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांविषयी थोडे विस्ताराने सांगतो. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३२ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत मिळते. त्यासाठी युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, व दिव्यांगत्व प्रमाणपत्र काढावे. केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर छायाचित्र, स्वाक्षरी, आधार व पत्त्याचा पुरावा जोडून अर्ज करताना रुग्णालय निवडायचे असते, आणि नंतर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांसारख्या त्या रुग्णालयात तपासणीसाठी स्वतः हजर राहावे लागते. जुने अहवाल, शस्त्रक्रियेची कागदपत्रे, एक्स-रे सोबत न्यावेत. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्याची मुदत प्रवेशाच्या तारखेपूर्वी संपत नाही ना, हे तपासावे. लेखनिक व वाढीव वेळेची मागणी परीक्षेच्या अर्जातच नोंदवावी, प्रवेशपत्र आल्यावर नव्हे.

इतर कागदपत्रांत दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असल्यास जात प्रमाणपत्र, जात वैधता व नॉन-क्रिमिलेअर येतात. दाखल्यांसाठी सेतू केंद्र किंवा आपले सरकार संकेतस्थळावर अर्ज करावा. जात वैधतेचा अर्ज मात्र पडताळणी समितीकडे जातो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून तो बारावीचे वर्ष सुरू होताच करावा. जोसासाठी ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि त्या वर्षीच्या १ एप्रिल किंवा त्यानंतर दिलेले लागते; राज्याच्या नमुन्यातील दाखला तेथे चालत नाही.

शुल्काच्या चिंतेने कोणी थांबू नये. तंत्रशिक्षणाच्या पदवी किंवा पदविकेला प्रवेश घेतलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असल्यास, एआयसीटीई, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, सक्षम योजनेतून वर्षाला ५०,००० रुपये मिळू शकतात. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर करायचा असतो.

प्रवेशानंतर प्रकल्पासाठी आपले साधन रुग्णांवर किंवा दिव्यांग व्यक्तींवर तपासायचे असेल, तर आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची (माणसांवरील संशोधन तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आधी घ्यावी लागते. अर्जासोबत संशोधनाचा आराखडा, सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेतील माहितीपत्रक आणि संमतीपत्र द्यावे. नागपुरात हे मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार ठेवावे, आणि अंध सहभागींना ते वाचून दाखवण्याची व्यवस्था आराखड्यातच लिहावी.