फेचमेल : कंपाइल आणि स्थापना

फेचमेल : दूरच्या मेल सर्व्हरवरील पेटीतले टपाल पॉप३ किंवा आयमॅप या टपाल उतरवण्याच्या ठरीव पद्धतींनी घेऊन युनिक्स संगणकावरच्या वापरकर्त्यांकडे सोपवणारा प्रोग्रॅम. कार्ल हॅरिस यांच्या पॉपक्लायंटवरून एरिक रेमंड यांनी १९९६ मध्ये तो घडवला. त्यात टपाल वाचण्याची सोय नाही, फक्त ने-आण आहे. बेळगावच्या उद्यमबागेतला कारखाना असो की जांबोटी-कणकुंबीकडची शाळा, टपाल एकदा आपल्या यंत्रावर आले की पावसात लाइन गेली तरी ते वाचता येते.

कंपाइल करण्यासाठी, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्यासाठी, सी कंपायलर, ‘मेक’ हे साधन आणि ओपनएसएसएल या जोडणी कूटबद्ध करणाऱ्या लायब्ररीच्या हेडर फाइली (कंपायलरला लायब्ररीची ओळख देणाऱ्या फाइली) लागतात. बहुतेकांचे घोडे या शेवटच्या बाबीपाशीच अडते. ओपनएसएसएल यंत्रावर असते, पण हेडर फाइली वेगळ्या पॅकेजात असतात; डेबियन-उबुंटूवर त्याचे नाव ‘लिबएसएसएल-डेव्ह’, रेडहॅटच्या गोतावळ्यात ‘ओपनएसएसएल-डेव्हेल’. सोर्स कोडचे गाठोडे (टारबॉल) उघडून तयार झालेल्या फोल्डरमध्ये ‘कॉन्फिगर’, ‘मेक’ आणि ‘मेक चेक’ साध्या वापरकर्त्याने चालवावे; रूटचा (यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याचा) अधिकार फक्त ‘मेक इन्स्टॉल’ला लागतो. प्रोग्रॅम ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये बसतो. पॅकेजातून आलेली जुनी प्रत आधीच ‘/यूएसआर/बिन’मध्ये असेल तर नेमकी कोणती चालते ते ‘टाइप -ए फेचमेल’ने पाहावे. ‘फेचमेल -व्ही’ (मोठा व्ही) दिल्यावर आवृत्तीपुढे ‘+एसएसएल’ दिसले नाही, तर हेडर फाइली बसवून पुन्हा कंपाइल करण्यावाचून गत्यंतर नाही.

खाते, सर्व्हर आणि पासवर्ड घरच्या फोल्डरातील ‘.फेचमेलआरसी’ फाइलमध्ये लिहितात. ही फाइल इतरांना वाचता येत असेल तर फेचमेल चालतच नाही, म्हणून तिचा मोड ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल असा) ठेवावा. जीमेलला नेहमीचा पासवर्ड चालत नाही; द्विस्तरीय पडताळणी सुरू करून १६ अक्षरी अॅप पासवर्ड घ्यावा. टीएलएससह (कूटबद्ध जोडणीने) पॉप३चे पोर्ट ९९५, आयमॅपचे ९९३. जुन्या संगणकाच्या बोर्डावरची बॅटरी संपली की वीज गेल्यावर घड्याळ मागे जाते, आणि मग सर्व्हरचे प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ म्हणून नाकारले जाते. दोष खात्यात शोधत बसण्याआधी तारीख पाहावी.

उतरवलेले टपाल फेचमेल सर्व्हरवरून पुसतो. पहिल्या चाचण्या म्हणूनच ‘कीप’ पर्याय लावून कराव्यात. नुसते ‘-सी’ दिले तर टपाल न उतरवता संख्या कळते. पोचवणी स्वतःच्याच यंत्राच्या पोर्ट २५ वर होते. तिथे पोस्टफिक्ससारखा मेल सर्व्हर चालू नसेल तर जोडणी नाकारल्याचा संदेश येतो. अशा वेळी ‘एमडीए’ पर्यायाने प्रॉकमेल या पेटीत टपाल टाकणाऱ्या प्रोग्रॅमकडे पोचवणी वळवता येते.

पॉप३मध्ये पुसण्याची आज्ञा ‘क्विट’ या जोडणी संपवणाऱ्या आज्ञेनंतरच अमलात येते. साठ पत्रे उतरताना पन्नासाव्याला नेट तुटले तर पुढच्या खेपेला पहिली पन्नासही पुन्हा येऊ शकतात. खानापूरच्या पावसाळ्यात ‘फेचलिमिट’ने एका खेपेची मर्यादा दहा-वीस पत्रांवर आणणे शहाणपणाचे.

सगळ्या कारखान्याची एकच पेटी असेल तर ‘मल्टिड्रॉप’ ही सोय पत्राच्या हेडरातील (वरच्या माहितीच्या ओळींतील) नावे पाहून टपाल वाटते. बीसीसीने (गुप्त प्रत म्हणून) आलेल्या पत्रात बहुधा हे नाव नसते, त्यामुळे ते पोस्टमास्टरकडे, म्हणजे बेवारस टपालासाठी नेमलेल्या खात्याकडे पडते. प्रत्येकाला वेगळी पेटी हाच टिकाऊ मार्ग. युनिकोडमधले मराठी वा कन्नड पत्र जसेच्या तसे पोचते. श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फाँटातला मजकूर मात्र रोमन अक्षरांचा कचरा दिसतो; त्यावर फेचमेलमध्ये इलाज नाही, पाठवणाऱ्याकडूनच युनिकोड प्रत मागवावी.