बुडालेला पंप आणि होडीमागची कॉइल

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला आमच्या अण्णांचा पाच एचपीचा मोनोब्लॉक पंप तराफ्यासकट उलटला आणि गेला गाळात, पाणी गढूळ, दोघं जण बुड्या मारून दमले, तेव्हा ठरवलं की मेटल डिटेक्टर बनवायचा आणि होडीमागे ओढत न्यायचा.

सगळे म्हणाले चुंबक टाका. रामकुंडावर पोरं दोरीला चुंबक बांधून नाणी काढतात, तसं. पंप बिडाचा, चिकटेल नक्की, पण त्यासाठी चुंबक जवळजवळ त्याला टेकायला पाहिजे, आणि एवढ्या पाण्यात कुठे कुठे टेकवत बसणार?

म्हणून पल्स इंडक्शन. कॉइलमधून करंट सोडायचा आणि झटक्यात तोडायचा. चुंबकीय क्षेत्र एकदम नाहीसं झालं की जवळच्या धातूत भोवऱ्यासारखे करंट फिरायला लागतात, फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं तेच तत्त्व, आणि ते विरेपर्यंत त्यांचं बारीकसं क्षेत्र त्याच कॉइलला जाणवतं. गोड्या पाण्याचा यात फारसा त्रास नाही, समुद्राचं खारं पाणी मात्र स्वतःच सिग्नल देतं.

आता खर्च कुठे वाचतो ते बघा. गुटख्याच्या पुडीची चंदेरी फॉइल, यातले करंट काही मायक्रोसेकंदात (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) विरतात. बिडाचा मोठा पंप बराच जास्त वेळ घुमत राहतो. म्हणजे बारीक वस्तू शोधायची तर करंट तोडल्यावर दहा मायक्रोसेकंदात ऐकता येईल असं चपळ, महागडं सर्किट लागतं, पण मला पंपच पाहिजे होता, मी निवांत पन्नास मायक्रोसेकंद थांबू शकत होतो आणि तोवर कचऱ्याचा आवाज आपोआप गळून जातो. कॉइलपासून होडीपर्यंतच्या लांब केबलचंही तेच, कोअॅक्स (टीव्हीच्या केबलसारखी गोल केबल) मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, वाढवते, त्याने कॉइल शांत व्हायला उशीर होतो, पण आपल्याला घाई कुठे आहे!

कॉइल एक मीटर व्यासाची, ४० एमएमच्या पीव्हीसी पाइपात, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून आणलेल्या तारेचे दहा वेढे, इंडक्टन्स साधारण ३०० मायक्रोहेन्री. पाइपात जवळपास चार लिटर हवा, त्यामुळे ती तरंगायलाच बघते. वाळू भरली, पण आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक घालून वाळूतून फिरवला आणि पिशवीवर काळ्या कणांची मिशी उगवली, आपल्या काळ्या पाषाणातलं मॅग्नेटाइट (लोखंडाचं चुंबकीय खनिज) ते, कॉइलजवळ नकोच. ओढण्याचा ताण सगळा दोरीवर, केबल सैलच ठेवायची.

काठावर कॉइलजवळ तांब्याचा हंडा ठेवून चाचणी घेतली तर हंडा काढल्यावरही आवाज चालूच. अर्धा दिवस गेला, मग दिसलं, पाइप धरायला मी स्टीलचे क्लॅम्प लावले होते. १८८१ मध्ये ग्रॅहम बेल अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी अशाच तत्त्वाने शोधत होता तेव्हा गादीतल्या स्प्रिंगांनी घोळ घातला म्हणतात, ते मला तेव्हा आठवलं. क्लॅम्प काढले, नायलॉनच्या दोरीने बांधलं.

एक लक्षात ठेवा, कॉइलपासून जरा दूर गेलं की अंतर दुप्पट झाल्यावर सिग्नल ६४ पट कमी होतो, म्हणून कॉइल तळाजवळूनच गेली पाहिजे. अण्णा वल्ही मारत होते, चालण्याच्या वेगाने. तिसऱ्या फेरीत हेडफोनमधला सूर हळूहळू चढला आणि उतरला, थर्माकोल बांधून जागा धरली, आडवी फेरी मारली, परत तिथेच. अण्णांनी बांबू खाली घातला, गाळात खुपसला, आणि हाताला खण्ण करून लागलं.