कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर आणि औषधांच्या आंतरक्रिया : पार्श्वभूमी

कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर म्हणजे रक्तदाब व हृदयाच्या विकारांवर दिली जाणारी औषधे. त्यांपैकी व्हेरापामिलसोबत घेतल्यास डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची रक्तातील पातळी ५० ते ७५ टक्क्यांनी वाढू शकते, हे डॉक्टरांना बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. १९९१ मध्ये ग्रेपफ्रूटच्या रसामुळे याच गटातील फेलोडिपिनची पातळी वाढते असे प्रसिद्ध झाले. मूळ प्रयोग मद्याच्या परिणामाचा होता आणि रस केवळ मद्याची चव झाकण्यासाठी वापरला होता. आतड्याच्या भिंतीतील सीवायपी३ए४ हे विकर (एन्झाइम) गोळीचा मोठा भाग रक्तात पोहोचण्याआधीच मोडते आणि ते अडले की नेहमीचाच डोस जास्त ठरतो, ही समज त्यातून पक्की झाली.

याच विकरामुळे मिबेफ्राडिल या कॅल्शियम चॅनेल ब्लॉकरचे प्रकरण घडले. जून १९९७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली तेव्हा ते सीवायपी३ए४ अडवते हे माहीत होते, आणि ज्यांच्यासोबत ते घेऊ नये अशा तीन औषधांची नावे माहितीपत्रकात होती. पुढे सिमव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधासोबत स्नायूंना गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आल्या, इशारे वाढत गेले आणि धोकादायक औषधांची संख्या पंचवीसच्या पुढे गेली. अखेर जून १९९८ मध्ये औषध बाजारातून काढले गेले. इशारे पुरेसे होते, असे तेव्हा काही जण म्हणत. परंतु त्याच कामासाठी अधिक सुरक्षित पर्याय हाताशी असताना एवढी मोठी यादी प्रत्येक डॉक्टरने लक्षात ठेवावी, ही अपेक्षाच चुकीची होती. औषध थांबवल्यानेही धोका लगेच टळला नाही. बीटा ब्लॉकर (हृदयाची गती व रक्तदाब कमी करणारी औषधे) घेणाऱ्या काही रुग्णांना मिबेफ्राडिल बंद करून लगोलग दुसऱ्या कॅल्शियम चॅनेल ब्लॉकरची गोळी दिली गेली. मिबेफ्राडिलचा अंश शरीरात शिल्लक असल्याने चार जणांचा रक्तदाब कोसळून ते शॉकमध्ये गेले आणि त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला.

‘कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर’ हे एकच नाव येथे दिशाभूल करते. या गटातील व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम ही औषधे सीवायपी३ए४ला स्वतः अडवतात, तर फेलोडिपिन व निफेडिपिन यांची पातळी इतरांनी ते अडवल्यामुळे वाढते. २०११ मध्ये अमेरिकेत सिमव्हास्टॅटिनच्या दैनंदिन डोसवर मर्यादा घातली गेली, ती या फरकानुसारच: व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेमसोबत १० मिलिग्रॅम, आणि ते विकर सौम्यपणे अडवणाऱ्या अम्लोडिपिनसोबत २० मिलिग्रॅम.