लाभार्थी यादी (सेंद्रिय शेती अनुदान)

सेंद्रिय शेतीसाठी शासकीय अनुदान मिळालेल्या शेतकऱ्यांची जाहीर नावनिशीवार यादी. भारतात तिचा संबंध मुख्यतः २०१५-१६ पासूनच्या परंपरागत कृषी विकास योजनेशी येतो. महाराष्ट्रात ही योजना ‘आत्मा’ (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) मार्फत राबवली जाते. साधारण २० हेक्टरांचा गट ३ वर्षे धरला जातो. (‘गट’ म्हणजे शेतकऱ्यांचा समूह आणि जमिनीचा गट क्रमांकही, याद्या वाचताना गल्लत होते.) २०१८ च्या सुधारित सूचनांत ३ वर्षांसाठी हेक्टरी ५०,००० रुपये होते व त्यांतील ३१,००० निविष्ठांसाठी (बियाणे, खते इत्यादी) थेट शेतकऱ्याच्या खात्यात जात, पुढे हे आकडे अनुक्रमे ३१,५०० व १५,००० झाले.

यादी जाहीर करण्याच्या प्रथेचा उगम वादग्रस्त आहे. काही अभ्यासक तो स्वीडनच्या १७६६ च्या मुद्रणस्वातंत्र्य कायद्यापर्यंत नेतात. तो कायदा सरकारी दस्तऐवज खुले करणारा होता. मदत घेणाऱ्यांची नावे गावासमोर वाचणे ही गोष्ट निराळी. तिचे जवळचे मूळ राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या अखेरीपासून भरवलेल्या जनसुनावण्यांत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. तेथे हजेरीपट मोठ्याने वाचले जात आणि ज्यांच्या नावे मजुरी निघाली तीच माणसे समोर बसलेली असत. महाराष्ट्रातील सातबाऱ्याचे चावडी वाचन बहुधा याहून बरेच जुने. मात्र त्यात हक्काच्या नोंदी असत, अनुदान नसे. कायद्याच्या बाजूने गोवा (१९९७) व महाराष्ट्र (२००२) यांचे माहिती अधिकाराचे कायदे केंद्राच्या आधीचे आहेत. केंद्राच्या २००५ च्या अधिनियमातील कलम ४(१)(ख) मधील बारावी बाब अनुदानाच्या रकमा व लाभार्थ्यांचा तपशील आपणहून प्रसिद्ध करायला सांगते. कार्यालयांत ती ‘सतरा बाबीं’पैकी एक म्हणून परिचित आहे.

सेंद्रिय शेतीत या यादीला एरवीपेक्षा जास्त वजन आहे. पीजीएस (सहभाग हमी पद्धत) प्रमाणीकरणात गटातील शेतकरीच एकमेकांची शेते तपासतात. ०.४० हेक्टर नोंदवणाऱ्याला जुन्या दराने ३ वर्षांत १२,४०० रुपये मिळत. युरियाची गोणी कोणाच्या शेतात फुटली, हे बांधावरच्या शेजाऱ्याला ठाऊक असते. त्यामुळे गाव, गट क्रमांक, क्षेत्र, वर्ष आणि रक्कम यांशिवायची यादी अपुरीच म्हणावी लागेल. आधार क्रमांक मात्र जाहीर करण्यास कायद्याने मनाई आहे.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१० रोजी जर्मनीतील हेसे राज्याच्या प्रकरणात संघाची शेती मदत घेणाऱ्या व्यक्तिगत शेतकऱ्यांची नावे सरसकट प्रसिद्ध करणारे नियम रद्द ठरवले. नंतरच्या नियमांत सामान्यतः १,२५० युरोपर्यंतची मदत घेणाऱ्यांची नावे वगळण्यात आली.

भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीला सूट देणारे कलम ८(१)(ञ) बदलले. त्यामुळे याद्या झाकता येतील, असे एक मत आहे. बारावी बाब जशीच्या तशी असल्याने आणि ८(२) मधील व्यापक जनहिताची तरतूद कायम असल्याने हे मत स्वीकारणे कठीण जाते.