चित्रं कुणाच्या घरातली?

मागच्या वर्षी पुण्यात सिंहगड रोडवरच्या एका घरात, बोलता न येणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीसाठी मी संवादफलक, म्हणजे चित्रांवर बोट ठेवून म्हणणं सांगायचा फलक, घेऊन गेले. बारा कार्डं, अप्पा बळवंत चौकातून लॅमिनेट करून आणलेली, मागे वेल्क्रो. ‘आवडलं’ या कार्डावर वर केलेला अंगठा होता. आजींनी ते हातात घेतलं, लांब धरून पाहिलं आणि विचारलं, “ही कुणाला ठेंगा दाखवतेय?”

प्रश्न अगदी रास्त होता. आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे तोंडावर नकार देणं. मोबाइलमुळे नव्या पिढीला त्याचा दुसरा अर्थ कळतो, पण त्या मुलीशी दिवसभर बोलणार होत्या आजी. मग असली चित्रं आपल्या हातात आली कुठून, हे पाहायला थोडं मागे जावं लागतं.

या गोष्टीची सुरुवात दवाखान्यात झालीच नाही. चार्ल्स ब्लिस १८९७ मध्ये चेर्नोविट्झ या तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या, आता युक्रेनमध्ये असलेल्या गावी जन्मले. तिथे अनेक भाषा बोलल्या जात आणि त्यांवरून भांडणंही होत. नाझींनी त्यांना १९३८ मध्ये डाखाउ आणि मग बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं. सुटल्यावर ते शांघायला पोचले. उच्चार वेगळे असले तरी चिनी लिपी वाचता येते, हे तिथे त्यांच्या लक्षात आलं आणि सगळ्या जगाला वाचता येईल अशी चिन्हलिपी करायचं त्यांनी मनावर घेतलं. ती १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झाली. तिची रचना सुरेख आहे: हृदयाची आकृती म्हणजे भावना, तिच्याशेजारी वर जाणारा बाण काढला की आनंद, खाली जाणारा काढला की दुःख. मोजक्या आकृत्या जोडून नवे शब्द घडवता येतात.

जगाने तिकडे पाहिलंही नाही. वीसेक वर्षांनी, १९७१ मध्ये, टोरांटोच्या एका केंद्रात शर्ली मॅकनॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ही लिपी सापडली. त्यांच्याकडची मुलं सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नसलेली. समजत सगळं होतं, पण जीभ आणि ओठ साथ देत नव्हते. बोट ठेवून किंवा नजरेने चिन्ह दाखवत ती मुलं पहिल्यांदा स्वतःची वाक्यं करू लागली. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, हा समज मोडायला त्या मुलांचा मोठा हातभार लागला. तो समज पुण्यातही मला आठवड्यातून एकदा तरी भेटतो. ब्लिस यांना मात्र केंद्राने चिन्हांत केलेले फेरफार सहन होईनात. बरीच वर्षं वाद चालला आणि १९८२ मध्ये करार होऊन तो मिटला.

ब्लिसची चिन्हं शिकवावी लागतात. पाहताक्षणी कळतील अशी चित्रं हवीत, ही गरज १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या रॉक्सी जॉन्सन यांच्या रेखाचित्रांनी भागवली आणि ती चित्रं जगभरच्या शाळांत पोचली. डेलावेअरमध्ये १९८५ पासून अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी स्वमग्न मुलांसाठी कार्ड हातात देऊन वस्तू मागण्याची पद्धत बसवली. ती आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. स्पेनमधल्या आरागॉन सरकारने २००७ पासून सेर्जिओ पालाओ यांची चित्रं बिनव्यापारी वापरासाठी फुकट खुली केली. ज्या आईबाबांना महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही, त्यांच्यासाठी हे फार मोठं काम आहे.

पण ‘पाहताक्षणी’ म्हणजे कुणी पाहताक्षणी? घराला उतरतं छप्पर आणि धुराडं, जेवण म्हणजे काटा-चमचा, संडास म्हणजे कमोड. चाळीत वाढलेल्या मुलाला यातलं काय ओळखीचं वाटणार?

चित्राचा भरवसा आपल्याला नवा नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत अक्षरओळख नसलेल्या कोट्यवधी मतदारांनी चिन्ह पाहून मत टाकलं. काँग्रेसची बैलजोडी कुणाला समजावून सांगावी लागली नाही, कारण ती दारातच उभी होती. संवादफलकांना ही समज यायला आपल्याकडे वेळ लागला. मिठू अलूर यांनी मुंबईत १९७२ मध्ये सुरू केलेली स्पास्टिक्स सोसायटी आणि कोलकात्यात सुधा कौल यांची संस्था, या सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी काम करणाऱ्या दोन संस्थांनी वाट पाडली. पुढे चेन्नईतून ‘आवाज’ हे चित्रांतून बोलायला मदत करणारं अॅप आलं, आणि आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागाने ‘जेलो’ हे फुकट अॅप काढलं. त्यात मराठी आहे. दिव्यांग हक्क कायद्यानेही २०१६ मध्ये संवादाच्या व्याख्येत बोलण्याला पूरक आणि पर्यायी पद्धती घेतल्या.

अॅप आलं तरी निवड घरातच करावी लागते. मुलीचा लाल पेला फोटोत दाखवला, तर तिच्या लेखी ते कार्ड कित्येकदा त्या एकाच पेल्याचं राहतं. साधं रेखाचित्र कुठल्याही पेल्याला चालतं. ‘आणखी’, ‘थांब’, ‘संपलं’ यांचे तर फोटोच निघत नाहीत. आत्या आणि मावशी यांना एकच बाई कशी पुरेल? तिथे मात्र खरे फोटोच हवेत. आणि एकदा फलकावर ठरलेली जागा सहसा हलवू नये. हाताला ती जागा पाठ होते.

सगळ्यात जास्त अडलं ते नकाराच्या कार्डावरच्या लाल फुलीपाशी. इंग्रजी संचात नकाराला एक कार्ड पुरतं, मराठीत ‘नाही’ वेगळं आणि ‘नको’ वेगळं. आई विचारायची, “दूध प्यायलीस का?” मुलगी फुलीवर बोट ठेवायची. आईला वाटायचं, प्यायली नाही, म्हणून ती पुन्हा पेला भरायची आणि पेला जमिनीवर जायचा.

आम्ही दोन कार्डं केली. ‘नाही’ला मान हलवणारा चेहरा, ‘नको’ला पेला दूर सारणारा तळवा. तो आजींचाच हात, त्यावरून मी काढला. ‘आवडलं’वरचा अंगठा हटवून तिथे हसरा चेहरा लावला. आई दिवसभर स्वतः बोलताना त्या कार्डांवर बोट ठेवत राहिली. तिसऱ्या आठवड्यात दुधाचा प्रश्न आला तेव्हा मुलीने आधी ‘नाही’वर बोट ठेवलं, आईकडे पाहिलं, आणि मग ‘नको’वर.