लार्ज फॉरमॅट फोटोग्राफी: बर्फ आणि ओसाड होमस्टेड

४×५ इंच किंवा त्याहून मोठ्या शीट फिल्मवर, एकेक शीट भरून केलेली फोटोग्राफी. अमेरिकेत नेब्रास्का, नॉर्थ डकोटा, मोंटाना आणि वर कॅनडात सस्कॅचवान, या सपाट मुलखातली टाकून दिलेली शेतघरं, म्हणजे होमस्टेड, भर हिवाळ्यात अशा कॅमेऱ्याने काढणारे बरेच हौशी लोक आहेत.

ही घरं आली कुठून, तर १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन मिळायची, मुख्य अट म्हणजे पाच वर्षं तिथे राहून ती कसायची, आणि १८७२ ला कॅनडानेही तसाच कायदा केला. पण कोरड्या भागात तेवढ्यावर पोट भरेना, अमेरिकेने १९०९ मध्ये काही भागात ३२० एकर केले तरी दुष्काळ पाठ सोडेना, १९३० च्या दशकात तर मंदी आणि धुळीची वादळं एकदमच आली आणि कित्येकांनी गाशा गुंडाळला. घरं नांदती होती तेव्हाचे फोटोही अशाच मोठ्या कॅमेऱ्याचे, सॉलोमन बुचर १८८६ पासून नेब्रास्काच्या कस्टर काउंटीत फिरून गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या घरांपुढे अख्खं कुटुंब उभं करून काचेच्या प्लेटवर फोटो घ्यायचा.

खरी गोची बर्फाची. प्रकाश मोजणाऱ्या मीटरला सगळं करडंच वाटतं, त्याचं ऐकलं तर बर्फ मळकट येतो, म्हणून दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त द्यायचे, पण फार दिले तर बर्फाचा पोत जातो आणि कमी दिले तर काळवंडलेल्या फळ्यांमधली रेघ न् रेघ बुडते.

बाकी हाल थंडीचे. काळ्या कापडाखाली उलटं चित्र बघताना तोंडाची वाफ फोकसच्या काचेवर गोठते, त्यामुळे श्वास रोखून फोकस करावं लागतं. लेन्समधलं शटर सुस्तावतं, आणि कोरड्या हवेत डार्क स्लाइड, म्हणजे फिल्म झाकणारी सरकती पट्टी, झटक्यात ओढली तर स्टॅटिकची (घर्षणाने साठलेल्या विजेची) ठिणगी पडून फिल्मवर विजेसारखी फांदी उमटते. कॅमेऱ्याला बॅटरी नाही हे एक बरंय. लेन्स वर सरकवता येते म्हणून उंच भिंत वाकडी न होता मावते, मग घर कललेलं दिसलं तर ते खरंच कललेलंय.

आत शिरायच्या आधी मालकाला विचारायचं, कारण आजूबाजूची जमीन बहुतेक कुणीतरी अजून कसत असतं. आणि पाय जपून टाकायचा, बर्फाखाली जुनी विहीर असू शकते.