जपानी युद्धविमानांच्या अवशेषांची रंगांवरून ओळख

दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या जपानी विमानांच्या पत्र्यांवर उरलेल्या रंगावरून विमानाचा प्रकार, कारखाना आणि काळ ठरवण्याची पद्धत. सॉलोमन बेटे, न्यू गिनी किंवा हवाई येथे मिळालेल्या तुकड्यावर बहुधा क्रमांक नसतो. तेव्हा रंगाचाच आधार उरतो.

आधी पत्रा उलटून आतली बाजू पाहावी. तिथे निळसर-हिरवी, पारदर्शक लाख असेल आणि तिच्यातून धातूची चमक दिसत असेल, तर ती ‘आओताके’, म्हणजे ड्युरल्युमिन (विमानाच्या पत्र्याचा ॲल्युमिनियम मिश्रधातू) गंजू नये म्हणून दिलेला लेप. अमेरिकी विमानांतल्या पिवळट-हिरव्या झिंक क्रोमेट या गंजरोधक लेपापेक्षा तो सहज वेगळा ओळखू येतो. मात्र त्याची छटा निळ्यापासून हिरवट-पिवळ्यापर्यंत बदलते आणि सैन्यदल व नौदल दोघांच्याही विमानांत तो आढळतो. त्यामुळे केवळ छटेवरून कारखाना सांगणे धाडसाचे ठरते.

बाहेरचा रंग जास्त फसवतो. पर्ल हार्बरवर 7 डिसेंबर 1941 रोजी हल्ला करणारी झिरो ही जपानी नौदलाची लढाऊ विमाने करड्या रंगाची होती, पण नेमक्या कोणत्या करड्या, यावर अभ्यासकांत दीर्घ वाद झाला. जुना रंग वरून खडूसारखा भुरकट होतो. त्या थराखाली तोच रंग तपकिरी-हिरवट झाक दाखवतो. म्हणून पट्टीखाली किंवा जोडाआड झाकलेला भाग सर्वात मोलाचा.

झिरोचा आराखडा मित्सुबिशी कंपनीचा असला तरी निम्म्याहून अधिक विमाने नाकाजिमा या दुसऱ्या कंपनीने बांधली. 1943 पासून वरचा भाग गडद हिरवा झाला. धडावरची हिरव्या-करड्याची सीमा मित्सुबिशीच्या विमानांत शेपटीपर्यंत जवळजवळ सरळ जाते, तर नाकाजिमाच्या विमानांत ती शेपटीकडे वर वळते. तुकड्यावर ही रेघ आली असेल, तर कारखान्याचा प्रश्न बराचसा सुटतो. पंखाच्या पुढच्या कडेवरचा पिवळा पट्टा 1942 पासून दिसतो. हिरव्याखाली करडा थर सापडला, तर आघाडीच्या तळावर पुन्हा रंग दिला असण्याची शक्यता तपासावी.

युद्धाच्या उत्तरार्धात अनेक विमानांवर प्रायमरविना (रंगाआधीच्या पायाभूत थराविना) थेट धातूवर रंग मारला गेला. तो पापुद्र्यांनी निघतो. असा पत्रा घासून ‘स्वच्छ’ करणे म्हणजे पुरावा पुसणे होय. दिवसाच्या उजेडात मन्सेल या प्रमाणित रंगपद्धतीच्या पट्ट्यांशी ताडून छटा नोंदवावी आणि आतल्या बाजूचे तपासणीचे शिक्के, रिव्हेटांची मांडणी यांच्याशी ती पडताळावी.